उन्हाळ्यातले किडे

हरकरे सर बंगळूरहून आले ते थेट प्रयोगशाळेत. खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती.

“ढगे, बाटल्या काढ.”

“कुठल्या, सर?”

“किड्यांच्या! अजून कुठल्या? मे महिन्यात रहाट्यांनी आणलेल्या. आठच्या आठ माझ्या टेबलावर पाहिजेत.”

मी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली. सर नागपूरचे, आवाज मुळातच दणकट. पण त्या सकाळी तो चिरकत होता.

“काय झालं, सर?”

“काय झालं म्हणते! दोनशे माणसांपुढे माझं हसं झालं, अजून काय व्हायचं राहिलं बापा? भाषण संपलं अन् एक म्हातारे गृहस्थ उठले. म्हणाले, ‘तुमच्या बाटल्या उलट्यासुलट्या तर झाल्या नाहीत ना?’ अख्खा हॉल हसला. अन् खरं सांगू का ढगे, ते बोलल्याबरोबर मलाही पटलं. तिथंच, माईकपुढे उभ्या उभ्या.”

त्या बाटल्यांवर सहा महिने मी काम केलं होतं.

काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्या प्रत्येक पेशीत एक प्रोटीन असतं, आम्ही त्याला पहारेकरी म्हणायचो. पेशीच्या आतला मजकूर कुठं फाटला, की हा पहारेकरी तिला अडवतो. दुरुस्त हो म्हणतो, नाहीतर मर म्हणतो, पण अशी फाटकी वाढू नकोस. हा ढिला पडला, की अंगात गाठी होतात. आणि माणसाचा पहारेकरी भलता नाजूक. अंगात असते त्यापेक्षा सहा-सात अंश जास्त ऊब मिळाली, की त्याची घडी सुटलीच.

मग जो प्राणी जन्मभर कढत पाण्यात राहतो, त्याचा पहारेकरी कसा तगतो? सरांना हेच शोधायचं होतं. कोकणातल्या एका गरम झऱ्यात सुताएवढे लाल किडे सापडतात, आणि त्यांचेच भाऊबंद शेजारच्या नदीच्या थंड पाण्यात. दोघांचा पूर्वज एक. एक घराणं कधीतरी गरम पाण्यात राहायला गेलं आणि त्याचं प्रोटीन पिढ्यान्पिढ्या बदलत गेलं. दोन्ही प्रोटीनं शेजारी ठेवायची, तापवायची, कुठलं किती अंशांवर मोडतं ते बघायचं आणि मग नेमका कुठला टाका पक्का झालाय ते त्याच्या रचनेत शोधायचं. तो टाका माणसाच्या प्रोटीनला घालता आला तर, हे सरांचं स्वप्न. सरांची बायको गाठीच्याच आजारानं गेली होती. ते कधी बोलले नाहीत, पण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मी दोन्ही प्रोटीनं तयार केली, तापवली आणि निकाल आला तो भलताच. गरम पाण्यातल्या किड्याचं शेहेचाळीस अंशांवर मोडलं. थंड पाण्यातल्याचं त्रेसष्टपर्यंत टिकलं. सरांनी शंका घ्यायला हवी होती, मीही घ्यायला हवी होती. पण उलटा निकाल म्हणजे नवा निकाल. सर हरखले आणि मी त्यांच्यापेक्षा जास्त हरखले. त्याच आनंदात ते बंगळूरला गेले होते.

“हे बघ,” सर खुर्चीत बसत म्हणाले, “मी तुला दोष देत नाही अजून. पण गेल्या साली तू दोन नळ्यांची अदलाबदल केली होती, आठवते ना? तेव्हा काय बोललो होतो मी?”

“पुन्हा असं झालं तर दुसरा गाईड शोध.”

“हां. तर आता बाटल्या काढ. चूक तुझ्या रजिस्टरात आहे का बाटलीवर, ते दिसलं पाहिजे. अन् रहाट्यांना निरोप दे, केबिनबाहेर थांबा म्हणावं.”

त्यांच्या टेबलावर काचेखाली एक कागद होता. मी तो उलटीकडून वाचला होता, परवाच. भिकाजी रहाटे यांना कायम करावं, अशी शिफारस. खाली सहीची जागा कोरी होती.

रहाटे आमच्याकडे अकरा वर्षं हंगामी मदतनीस होते. नळ्या धुणं, फ्रीजर लावणं, कुठून काही गोळा करून आणायचं असलं तर जाणं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्याच गरम झऱ्याच्या गावचे, म्हणून किडे आणायला त्यांनाच पाठवलं होतं. अकरा वर्षांत त्यांच्या हातून एक नळी फुटली नव्हती. गावात त्यांनी सांगून ठेवलं होतं की यंदा कायम होतोय म्हणून. त्यांच्या घरच्यांनी ग्रामदेवतेला नारळही बोलला होता.

मला ते फार जीव लावायचे. “मॅडम, मान धरली काय? सारखं वाकून बसता,” म्हणायचे. “उन्हाळ्यात या एकदा. सगळी दुखणी पळतील.”

मी बार्शीजवळची. मी म्हणायची, “उन्हाळ्यात? नको बाबा! आमच्याकडे कमी आहे का उन्हाळा?”

यावर ते मनापासून हसायचे. मला वाटायचं, माझा विनोद त्यांना आवडला.

बाटल्या आल्या तेव्हा त्या मीच रजिस्टरात चढवल्या होत्या. रहाटे बाटलीवरच्या खरखरीत पांढऱ्या पट्टीवर पेन्सिलीनं लिहायचे. स्पिरिटात शाई विरघळते, पेन्सिल राहते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. चार बाटल्यांवर लिहिलं होतं ‘उन्हाळ्यातले’. चारांवर ‘कोंडातले’. मी हसले. कुंड धड लिहिता येत नाही यांना! मग उन्हाळ्यातले म्हणजे उरलेले, नदीतले, मे महिन्यात धरलेले. शुद्धलेखनाची मला फार हौस. मी लाल मार्कर घेतला, चारही बाटल्यांवरच्या ‘को’ची मात्रा आणि काना खोडून खाली उकार दिला आणि रजिस्टरात लिहिलं: कुंड, गरम. उरलेल्या चार: नदी, थंड. रहाट्यांना विचारायचं मनातसुद्धा आलं नाही. शिपायाला काय विचारायचं, असंच असणार मनात. आज ते लिहितानाही जीभ चावावीशी वाटते.

तर त्या सकाळी मी फ्रीजरच्या खोलीकडे निघाले. रहाटे कॉरिडॉरमध्ये भेटले. त्यांच्या कानावर सगळं आलं होतं.

“मॅडम, सर बोलतात बाटल्या उलट्या झाल्या. असं कसं होईल हो? उन्हाळ्यातलं पाणी हाताला सोसत नाय. ते किडे मी चिमट्यानं एकेक करून काढले. कोंडातले काय, नुसते ओंजळीनं. उलटे कसे होतील?”

मी थांबले. “उन्हाळ्यातलं पाणी म्हणजे?”

“म्हणजे उन्हाळं. गरम पाण्याचं.” ते माझ्याकडे बघतच राहिले. “तुमच्याकडे काय बोलतात त्याला? आमच्याकडे उन्हाळंच बोलतात. दगडानं बांधलेलं हाय, वाफा येतात. मी नाय का तुम्हाला सारखा बोलवत, उन्हाळ्यात या म्हणून?”

“आणि कोंड?”

“कोंड म्हणजे नदीतला डोह. थंडगार. खाली, केवड्याच्या बनापाशी.”

म्हणजे गरम-थंड उलटं चढवलं होतं ते मीच. ते आपले बोलतच होते.

“बाटल्या बघितल्या की सरांना लगेच समजेल. माझं अक्षर हाय. आणि मॅडम, जूनमध्ये फ्रीजर लावला तेव्हा कोंडाच्या बाटल्यांवर लाल काहीतरी बघितलं मी. चष्मा नव्हता, वाचलं नाय. तुमची खूण असेल बोललो.”

“हो, खूण,” मी म्हणाले. “तुम्ही केबिनपाशी थांबा. मी आणते.”

फ्रीजरच्या खोलीचं दार मी आतून लावलं. चार बाटल्यांवर माझा लाल उकार लखलखीत दिसत होता. एवढा ठसठशीत उकार मी आयुष्यात कधी काढला नव्हता. हे सरांच्या टेबलावर गेलं की संपलं. थिसिस संपला, सहा महिने संपले, बार्शीला परत जाऊन घरच्यांना काय सांगणार होते मी? आमच्या घरात पहिली मुलगी होते मी एवढी शिकणारी.

शेजारी स्पिरिटची बाटली होती, कापूस होता. रहाट्यांनीच सकाळी भरून ठेवला होता. मी हलक्या हातानं पुसलं. लाल निघालं, पेन्सिल राहिली. चारही बाटल्या स्वच्छ झाल्या. कापूस मी हातमोजे टाकतात त्या डब्यात खाली दाबला.

सरांनी चष्मा कपाळावर चढवून बाटल्या पाहिल्या.

“कोंडातले. हे काय?”

मी बोलले नाही. एवढंच केलं मी, बोलले नाही.

“कुंडातले लिहायचं असेल. स्पेलिंगच्या नावानं बोंब. पण मग हे तर सरळ आहे, ढगे! त्यांनी लिहिलं कुंडातले, तू चढवलं कुंड. तुझं रजिस्टर बरोबर आहे. बाटलीत भरतानाच यांनी उलटं भरलं.” सरांनी दाराकडे पाहून हाक मारली. “रहाटे! या आत.”

रहाटे दारात येऊन उभे राहिले. केबिनमध्ये आत यायची त्यांना सवय नव्हती.

“हे तुमचं अक्षर ना?”

“होय, सर.”

“कुंडातले लिहून आत नदीतले किडे भरले तुम्ही. असं कसं केलं? अकरा वर्षं झाली इथं!”

“कुंडातले नाय सर, कोंडातले.”

“तेच ते! मात्रा इकडची तिकडे.”

“तेच नाय, सर. कोंड वेगळा.” रहाट्यांचा आवाज अगदी शांत होता. त्यांना खात्री होती ना. “आत्ताच सांगितलं मी मॅडमना. मॅडम, सांगा ना सरांना.”

सर माझ्याकडे वळले. “काय सांगितलं?”

काचेखालचा तो कागद मला दिसत होता. सहीची कोरी जागा दिसत होती. दोन शब्दांचा प्रश्न होता हो. उन्हाळं म्हणजे झरा, कोंड म्हणजे डोह, एवढं म्हणायचं होतं.

“मला काही आठवत नाही, सर,” मी म्हणाले.

पाच मिनिटांपूर्वीची गोष्ट, आणि मला आठवत नव्हती!

रहाट्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या बाटल्यांकडे, त्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांकडे. मग माझ्या हातांकडे. माझी तीन बोटं तांबडी झाली होती. मी मूठ मिटली, पण त्यांनी बघितलं ते बघितलंच.

मला वाटलं, आता हा माणूस बोलणार. बोलला असता तर मी खाली मान घालून कबूल झाले असते, असं मी नंतर कितीदा तरी स्वतःला सांगितलंय. खरं असेल का ते? कोण जाणे. ते बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “राहूदे, सर. माझीच गल्लत झाली असेल.”

आणि दार हळू ओढून घेऊन गेले.

सरांनी काचेखालचा कागद काढला, जरा वेळ हातात धरला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. “माणूस चांगला होता,” म्हणाले. होता, म्हणाले. माणूस अजून कॉरिडॉरमध्ये होता.

पुढचं सगळं माझ्या मनासारखं झालं. नावं उलटी धरली तर निकाल सुलटे झाले. खात्रीसाठी सरांनी दुसऱ्या एका मुलाला थर्मामीटर देऊन पाठवलं. त्यानं बाटल्यांवर ‘गरम’ आणि ‘थंड’ असं लिहून आणलं आणि त्रेसष्ट अंश गरमवाल्यांचेच निघाले. प्रोटीनची रचना मिळाली. एका वळणापाशी माणसाचा पहारेकरी सैल असतो, तिथं किड्याचा घट्ट शिवलेला होता. आमचा लेख छापून आला, कौतुक झालं, मला डिग्री मिळाली आणि पुढं नोकरीही. लेखाखाली आम्ही नऊ जणांचे आभार मानले होते. त्यात रहाटे नव्हते.

ते त्याच महिन्याच्या शेवटी गावी गेले. जाताना प्रत्येकाच्या टेबलापाशी येऊन “येतो” म्हणाले. माझ्या टेबलापाशीही आले. “येतो, मॅडम,” म्हणाले. उन्हाळ्यात या, असं म्हणाले नाहीत.

सरांना मी कधीच सांगितलं नाही. दर वर्षी वाटायचं, यंदा सांगू. चार वर्षांपूर्वी सर गेले आणि तो प्रश्न मिटला. माझ्यासाठी मिटला, असं म्हणा हवं तर.

आता माझ्या स्वतःच्या विद्यार्थिनी आहेत. गेल्या जानेवारीत त्या हट्टाला पेटल्या की तेच किडे हवेत, त्याच झऱ्यातले. सतरा वर्षांत मी त्या गावाकडे फिरकले नव्हते. टाळायला कारण सापडेना, म्हणून गेले.

चिरेबंदी टाकं, वर वाफ, बाजूला एक पिवळा फलक. फलक हातानं रंगवलेला होता. मृण्मयी नावाची माझी एक विद्यार्थिनी आहे, बडबडी. तिनं तो मोठ्यानं वाचला. “उन्हाळे म्हणजे गरम पाण्याचे कुंड. कोंड म्हणजे नदीतला थंड डोह. पाहुण्यांनी गल्लत करू नये. लिहिणार, भि. रा. रहाटे.”

मुली खो खो हसायला लागल्या.

“अय्या, अशी गल्लत कोण करेल, मॅडम?”

मीही हसले. लाज वाटते, पण हसले.

“आलात, मॅडम.” पायरीवर बसलेला म्हातारा उठला. केस पांढरे झाले होते, बाकी रहाटे तेच. “शेवटी उन्हाळ्यात आलात.”

मी हात जोडले. मृण्मयी तोवर त्यांच्याशी बोलायलाही लागली होती. तिनं बाटलीवर लिहायला पिशवीतून मार्कर काढला, तसं रहाट्यांनी बोट हलवलं. “पेन नको, बाय. पेन्सिल घे. शाई स्पिरिटनं जाते.” आणि जरा थांबून म्हणाले, “बोटांना लागते तेवढी राहते.”

“काका, तुम्हाला कसं ठाऊक?”

“होतो मी तुमच्याच लाइनीत. अकरा वर्षं.”

“मग हा फलक? खरंच कुणी गल्लत केली होती का हो?”

रहाट्यांनी सावकाश माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. नुसते वाट बघत होते, त्या दिवशी केबिनच्या दारात बघत होते तसेच. मी गप्प राहिले. पुन्हा गप्प राहिले!

“मला काही आठवत नाय, बाय,” रहाटे म्हणाले.

मुली चिमटे घेऊन पाण्याकडे वळल्या. आम्ही दोघंच फलकापाशी उरलो. पाणी खळखळ वाहत होतं.

“ती गल्लत माझी होती,” मी म्हणाले. माझं मलाच जेमतेम ऐकू गेलं.

रहाट्यांनी कानामागे हात नेला. “काय बोललात?”

“ती गल्लत माझी होती, रहाटे. आणि ते लाल मीच पुसलं.”

“मोठ्यानं बोला, मॅडम,” रहाटे म्हणाले. “मला ठाऊक हाय. पोरींना ऐकू जाऊदे.”

चिमटे हातात तसेच धरून मुली वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मृण्मयीच्या बाटलीवर पेन्सिलीनं अर्धंच लिहून झालं होतं, ‘उन्हा’.

मी पहिल्यापासून सांगायला लागले.